‘साडेसातची गाडी’: एका चित्रपटाच्या कामाच्या नोंदी

१२ जून २०२४

आज निर्मात्यांसमोर पटकथेचं वाचन झालं. पैसे पूर्ण मिळालेले नाहीत, पण ‘नाही’ही आलेलं नाही, म्हणून ही वही रीतसर सुरू.

गोष्ट अशी. एप्रिल-मे २०१७, पुण्यात सहकारनगरातली तीन मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. नचिकेत अठराचा होणार आहे. त्याला ऑटिझम आहे, बोलणं मोजकं. मिनू, धाकटी, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. रोज सकाळी साडेसातला घंटागाडी येते आणि नचिकेत सगळ्या बिऱ्हाडांच्या बादल्या खाली नेतो. ओला वेगळा, सुका वेगळा. चहाच्या चोथ्यात कुणी दुधाची पिशवी टाकली असेल तर ती काढतो, धुतो आणि त्याच घरी नेऊन देतो. काहींना कौतुक, काही दार लावून घेतात.

मग गाडी यायची थांबते. ही गोष्ट खरी घडलेली आहे. त्या एप्रिलमध्ये उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली, उरुळी आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या आणि आंदोलन तीन आठवडे चाललं. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. पुणेकरांच्या लेखी ती गैरसोय होती. नचिकेतच्या लेखी दिवस सुरूच होत नाही.

वाचन संपल्यावर पहिला प्रश्न आला: “त्याला काही खास येतं का? म्हणजे तारखेवरून वार सांगणं, गाणं, चित्रं?” मी म्हटलं, “बादल्या.” हशा झाला. तो चांगल्या अर्थाने होता असं धरून चालू.

राखीचा सीन नाही, आई देवासमोर रडत नाही आणि शेवटी सगळी सोसायटी टाळ्या वाजवत नाही. एवढं लिहून दिलं.

२० जून

सहलेखकाच्या आग्रहाने ‘द ब्लॅक बलून’ परत पाहिला. २००८चा ऑस्ट्रेलियन चित्रपट, बर्लिनला तरुण प्रेक्षकांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला. दिग्दर्शिका एलिसा डाउन स्वतः ऑटिझम असलेल्या भावांसोबत वाढलेली आहे आणि ते दिसतं: धाकट्या भावाला थोरल्याची लाज वाटते, राग येतो, तो हात उचलतो, आणि कॅमेरा त्याला माफ करायची घाई करत नाही. ऑटिझम असलेल्या थोरल्या भावाचं काम मात्र ऑटिझम नसलेल्या नटाने केलंय. ल्यूक फोर्डने ते मन लावून केलंय यात वाद नाही. तरी आपण २०२४मध्ये तो रस्ता धरायचा का, यावर दुपारभर वाजलं. मी म्हणते नाही. सहलेखक म्हणतो, “आधी नट मिळू दे, मग तत्त्वं सांग.”

१० जुलै

परवा, ८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातल्या अपंग पात्रांच्या चित्रणाविरुद्ध याचिका केली होती. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या पीठाने दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. अपंगत्वाची चेष्टा करणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत त्यांनी फरक केलाय. दुसरं टोकही सांगितलंय: माणसाला अचाट शक्ती बहाल करायची, म्हणजे मग तो मानाला पात्र ठरतो, असंही दाखवू नका.

निकालाचा तो भाग निर्मात्यांना पाठवला. तासाभराने उत्तर: “ठीक आहे, बादल्याच ठेवू.” न्यायालयाचे आभार.

२५ जुलै

रेकी (शूटिंगच्या जागांची पाहणी) रद्द. खडकवासला धरणातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलंय. आमचा कलादिग्दर्शक त्याच भागात राहतो, सकाळपासून लोकांना बाहेर काढायच्या कामात आहे. आज चित्रपट नाही.

१४ ऑगस्ट

पटकथा एका बाईंना वाचायला दिली होती. त्या स्वतः ऑटिझम असलेल्या आहेत, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात आणि त्यांचं निदान तिशीनंतर झालं. ओळखीखातर फुकट वाचून घेतलं नाही. सल्लागार म्हणून मानधन ठरलंय, श्रेयनामावलीत नाव येणार.

त्यांनी समासात पेन्सिलने बारीक अक्षरात शेरे लिहून दिलेत. बरेचसे तपशिलाचे. (“कान झाकून कोपऱ्यात बसतो: प्रत्येक वेळी कोपराच का? मी बाथरूममध्ये जाते. तिथे आवाज बदलतो.”) एक मात्र पानभर मोठा. त्याचा सारांश: नचिकेत काय करतो हे पानोपानी आहे, त्याला काय हवंय हे कुठेच नाही. मिनूला नाशिकला मावशीकडे राहून अकरावी करायचीय. आईला नचिकेतच्या पालकत्वाच्या कागदांची फाइल पूर्ण करायचीय. बाबांना शांतता हवीय. नचिकेतला?

संध्याकाळी सहलेखक आणि मी टिळक रस्त्यावर चहा पीत बसलो. त्याला गाडीत बसायचं असेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, गाडी कुठे जाते ते बघायचं असेल. वर्षानुवर्षं बादल्या देतोय, पुढे त्याचं काय होतं?

चहा थंड झाला, पण उत्तरार्ध मिळाला. गाडी येत नाही, म्हणून मिनू त्याला एकटी घेऊन बसने सासवड रस्त्याला जाते, गाड्या अडवल्यात तिथे. घरी न सांगता.

९ सप्टेंबर

परवा गणपती बसले. साउंडवाल्याचा निरोप: १७ला विसर्जन होईपर्यंत वाचन घ्या, बैठका घ्या, काहीही करा, मला रेकॉर्डर उघडायला सांगू नका.

२२ ऑक्टोबर

नट मिळाला. इथे त्याला ‘स’ म्हणते. वीस वर्षांचा, पालकांच्या एका गटातून भेट झाली. आधी कधी कॅमेऱ्यासमोर आलेला नाही. बोलतो, पण तीन-चार शब्दांच्या वर क्वचित. ऐकलेलं वाक्य परत म्हणतो, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी, आणि बहुतेक वेळा ते अगदी जागेवर बसतं.

त्याची आई पहिल्या भेटीत म्हणाली, “अहो, तो दिवसभर एकच गोष्ट वीस वेळा करेल का, हे मी सांगू शकत नाही.” तेवढ्यात सोबत आलेली त्याची बहीण म्हणाली, “करेल. प्रत्येक वेळी एकसारखी करेल. तुमचेच लोक वेगवेगळं करतील.” या मुलीला सेटवर पगारी कामावर घ्यायचं मी तिथेच ठरवलं.

त्याला विचारलं, नचिकेत होशील का? “नचिकेत होशील.” हा होकार की नुसता प्रतिध्वनी? बहीण म्हणाली, चार दिवसांनी पुन्हा विचारा, नको असेल तर दारातच उभा राहील. चार दिवसांनी गेलो. तो चपला घालून खाली थांबला होता.

२७ नोव्हेंबर

आईच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरच्या एक मुरलेल्या अभिनेत्री मिळाल्यात. त्यांचा प्रश्न असा की, ही बाई सारखी चिडलेली का?

मग बसून बोललो. लिओ कॅनरने १९४३मध्ये ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यात पालकांच्या थंडपणाबद्दलही लिहून ठेवलं. पुढे ब्रुनो बेटलहाइमने आयांनाच दोषी धरलं, ‘फ्रीजसारखी थंड आई’ हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षं चालला. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. वैद्यकशास्त्राने कधीच सोडून दिलंय. आपल्याकडच्या आत्या-मावश्यांनी सोडलेलं नाही: “तू बँकेत जायचीस ना गं, म्हणून.” ही आई अठरा वर्षं तेच ऐकतेय, कधी शब्दांत, कधी हळदीकुंकवाला न बोलावण्यात.

बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग ती चिडलेली नाही. दमलेली आहे आणि दमलोय म्हणायची सोय नाही.” पटकथेत हे वाक्य नव्हतं. आता कंसातल्या सूचनेत घातलंय, संवादात नाही.

फाइलचंही सांगितलं. नचिकेतचं जुनं प्रमाणपत्र ‘मतिमंद’ म्हणून आहे, कारण १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझम हा प्रकारच नव्हता. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला आणि कायदा लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. म्हणजे आमच्या गोष्टीच्या ऐन मध्यात! लिहिताना हे हाती लागलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच होते. अठरा पूर्ण झाल्यावर आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. आई ती कागदं गोळा करतेय. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिने लिहिलंय: ‘आमच्यानंतर’, आणि पुढे मिनूचं नाव. पेन्सिलने.

ते पेन्सिलचं नाव आमच्या घरातलं आहे. माझा दादा आता एक्केचाळीसचा आहे.

२८ जानेवारी २०२५

वर्कशॉप सुरू. हॉल सिंहगड रस्त्याला. तिकडे जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघालेत, त्यामुळे प्रॉडक्शनने उकळलेल्या पाण्याचे जार आणलेत आणि बाहेरचा वडापाव बंद. युनिटमध्ये नाराजी वडापावची जास्त.

‘स’साठी ठरलेल्या गोष्टी: दिवसाचं वेळापत्रक चित्रांत, भिंतीवर, झालेलं चित्र त्याने स्वतः काढून डब्यात टाकायचं. शेवटचं चित्र रोज तेच, घर. मिणमिणणारी ट्यूबलाइट नाही. मेकअपचा ब्रश नाही, हाताने लावायचं. क्लॅपचा खटका नाही: पाटी नुसती दाखवायची, आवाजाचं जुळवणं टाइमकोडवर. ‘ॲक्शन’ ओरडायचं नाही, मी हात खाली करणार.

एक गंमत झाली. ‘कट’ हा शब्द त्याला फार आवडलाय. कंटाळा आला की सीनच्या मध्येच, माझ्याच सुरात, “कट.” पहिल्यांदा डीओपीने, म्हणजे आमच्या छायाचित्रणकाराने, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कॅमेरा थांबव. या सेटवर कट म्हणायचा हक्क दोघांना, त्याला आणि मला.

१८ फेब्रुवारी

उरुळी देवाचीची रेकी. हडपसर सोडून सासवड रस्त्याने निघालो की डावी-उजवीकडे गोदामं आणि नवे टॉवर, मग मधूनच वास. ढिगाऱ्यांवर आता माती टाकून हिरवळ धरलीय, लांबून टेकडीच वाटते. डेपोच्या आत शूटिंगचा विचार सोडला. रस्त्याच्या कडेला, ढिगारा मागे दिसेल अशी जागा पक्की केली.

टपरीवर चहा घेताना मालकाने विचारलं, कसला पिक्चर? सांगितलं. म्हणाला, “म्हणजे पुण्याचं पोरगं इथे बघायला येतं होय? बरंय. कुणीतरी आलं.” विहिरीचं पाणी कसं बिघडलं, सोयरिकी कशा मोडल्या, हे तो ग्लास धुता धुता सांगत होता, आवाज न चढवता. पटकथेत गावकरी म्हणजे घोषणा देणारा जमाव होता. तो काढून तिथे चहाची टपरी येतेय.

१२ मार्च

कागदपत्रांचा दिवस. छोटी मिनू (लहानपणच्या सीनमधली) आठ वर्षांची आहे, त्यामुळे बालकामगार नियमांनुसार जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. प्रॉडक्शनचा मुलगा कुरकुरला. तिची आजी मात्र पावती कुठे मिळणार ते आधी विचारून गेली.

२०१७ची डोकेदुखी वेगळीच. स्वारगेटला आता मेट्रोचं स्टेशन आहे, रस्त्यावर इलेक्ट्रिक बस आहेत, गाड्यांना नव्या नंबर प्लेटी आहेत. तिन्हींपैकी काहीच तेव्हा नव्हतं. निर्णय: स्वारगेट बाहेरून दाखवायचंच नाही, सगळा प्रवास बसच्या आतून. जुनी डिझेल बस भाड्याने. घंटागाडी म्हणून एक छोटा हत्ती रंगवून घेतलाय. घंटा पितळेची, मंडईतून.

२ एप्रिल

जागतिक ऑटिझम दिन. निर्मात्यांच्या ऑफिसातून निळं पोस्टर आलं, नचिकेतच्या चेहऱ्यावर कोड्याचा तुकडा, म्हणजे हा मुलगा एक कोडं. सल्लागार बाईंना दाखवायच्या आधीच मी परत पाठवलं. “मग काय टाकू?” “बादली टाका.”

११ एप्रिल

शूटिंगचा पहिला आठवडा. जिन्यातला बादल्यांचा सीन.

आम्ही ‘स’ला प्रत्येक हातात एक बादली असं ठरवून दिलं होतं. तो तिसऱ्या मजल्यावर गेला, चार बादल्या एकात एक घातल्या, ओल्या वर, सुक्या खाली, मग थांबला, सगळ्या काढल्या, कड्या एकाच बाजूला आल्या की परत घातल्या. उतरताना कठड्याला बादली लागू नये म्हणून कोपर बाहेर काढून चालला. प्रत्येक वळणावर डावा पाय आधी. डीओपीने काही न विचारता हातातल्या कॅमेऱ्याने मागोमाग जायला सुरुवात केली. ठरलेला शॉट तिथेच सोडून दिला. जे मिळालं त्यात ‘लक्षणं’ नाहीत, काम जमणारा माणूस आहे.

साडेसातला ऊन चांगलंच वर येतं, त्यामुळे सहालाच कॉल लावतोय. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी जनरेटरवरून तक्रार केली. दुसऱ्या दिवशी स्वतःची बादली घेऊन फ्रेममध्ये यायला तयार.

१६ एप्रिल

दिवाणखान्यातला सीन: आत्या सोफ्यावर बसून नचिकेतसमोरच त्याच्याविषयी बोलते, तो तिथे नसल्यासारखी. संवाद दीड पान. आत्या रंगात आलेली असताना चौथ्या वाक्याला ‘स’ म्हणाला, “कट.”

परत घेतलं. परत चौथ्या वाक्याला. लाइटवाले दादा आधी वैतागले होते, आता खो खो हसायला लागले. जेवणाच्या सुट्टीत सहलेखकाने संवाद उघडला आणि चौथ्या वाक्यानंतरचं सगळं खोडलं. चार वाक्यांत आत्या जास्त भयंकर वाटतेय.

२१ एप्रिल

ज्याची धास्ती होती तो सीन. गाडी यायची थांबून दिवस झालेत, जिन्यात बादल्या साचल्यात, कुणीतरी नचिकेतला न विचारता सगळ्या एका पोत्यात ओततं, आणि त्याचा तोल जातो.

‘स’ला त्या अवस्थेत ढकलायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं. त्याने हुबेहूब नाटक करावं हेही नको: बहिणीने सांगितलं की तसं केलेलं त्याला नंतर दिवसभर लागून राहतं. आज ‘स’ला सुट्टी होती. दार बंद, आतला आवाज नंतर तयार करायचा, आणि कॅमेरा पूर्ण वेळ मिनूवर, जिन्यात. ती दाराला पाठ लावून बसलीय. वरच्या मजल्यावरून तिच्या व्हेकेशन बॅचमधली मैत्रीण उतरतेय, जिला मिनूने सांगून ठेवलंय की दादा बारावीला आहे, अभ्यास करतो. मैत्रीण विचारते, “काय गं, कोण आहे आत?” मिनू म्हणते, “कुणी नाही.”

सतरा वर्षांची ही मुलगी ते दोन शब्द असे म्हणाली की मॉनिटरमागे कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दुसरा टेक सुरक्षिततेसाठी घेतला. वापरणार नाही.

पुढच्या सीनमध्ये मिनू माफी मागत नाही, हे निर्मात्यांना अजून खुपतंय. तिने कुणाची मागायची? नचिकेतला ते कळलं की नाही, हे तिलाही माहीत नाही, मला तर नाहीच.

२४ एप्रिल

बस आणि उरुळी. ‘स’ खिडकीशी बसून खूश. मागे ढिगारा, समोर टपरी, रस्त्यात अडवलेल्या गाड्या. नचिकेतने गाड्या मोजाव्या असं लिहिलं होतं. ‘स’ सरळ एका गाडीच्या मागे गेला, फाळका वाजवून पाहिला आणि नाक दाबून म्हणाला, “ओला-सुका एकत्र.” गावकऱ्यांच्या भूमिकेतली खरी गावकरी मंडळी एकदम म्हणाली, “तेच तर!” आवाज स्वच्छ आलाय. साउंडवाला हवेत हात नाचवत होता.

८ जुलै

एडिट. शेवटावर अडकून होतो. पहिल्या खर्ड्यात मिनू पेन्सिलचं नाव पेनने गिरवते. सल्लागार बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की या कागदावर नचिकेतला कुणी काही विचारलं का. नव्या कायद्याचं १४वं कलम मर्यादित पालकत्वाची भाषा करतं, दोघांनी मिळून निर्णय घ्यायची. हे पात्रांच्या तोंडी घातलं की व्याख्यान होतं, घालून पाहिलं आणि उडवलं.

शूटिंगला ‘स’ने जे दिलं तेच आता शेवट आहे. आई विचारते, “नचिकेत, मिनू नाशिकला गेली तर चालेल?” लिहिलेलं उत्तर: “हो.” त्याने बराच वेळ बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाला, “सोमवार.” आमच्या आई-बाईंनी क्षणभर थांबून उत्तर दिलं, “सोमवारी जाईल. शुक्रवारी येईल.” “शुक्रवार येईल,” तो म्हणाला, आणि बादली उचलून गेला. बहिणीने नंतर सांगितलं की त्याला जाणं चालतं, वार लागतो. मिनू दारात उभी राहून ऐकतेय. फाइल टेबलावर उघडीच आहे, नाव पेन्सिलचंच.

निर्मात्यांनी विचारलं, मग ती पुढे पालक होते की नाही? सोळाव्या वर्षी कुणी ठरवत नसतं, म्हटलं.

१९ सप्टेंबर

पिक्चर लॉक, म्हणजे दृश्यांचं संकलन पक्कं झालं. नचिकेतच्या डोक्यातला म्हणून कर्कश्श शिट्टीसारखा आवाज घालायचा प्रस्ताव साउंड स्टुडिओने दिला होता, नाकारला. त्याऐवजी घंटा जवळ आली की बाकीचं सगळं किंचित मागे जातं, एवढंच.

राहिलेली कामं: कॅप्शन, अंध प्रेक्षकांसाठी श्राव्य वर्णन (आवाज मिनूच्या आईचाच घ्यायचा विचार आहे), सेन्सॉरचा अर्ज, छोट्या मिनूच्या मुदत ठेवीची पावती आजींना पोचवणं. युनिटचा खेळ वेगळा ठेवतोय: दिवे पूर्ण न मालवता, आवाज कमी, उठून फिरायची मुभा. ‘स’च्या बहिणीने कळवलंय, त्याला वार आणि वेळ आधी सांगा. रविवार, सकाळी अकरा.